व्याह्याच्या ताटात कोरियाचे शेंगोळे

व्याह्याला शिळं वाढू नये, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. जावई चालवून घेतो, भाऊबंद नाक मुरडून का होईना खातात. पण व्याह्याच्या ताटात कालचं पडलं आणि त्याला ते कळलं, तर ती गोष्ट दोन्ही घरांत नातवंडांच्या लग्नापर्यंत चघळली जाते. मी व्याह्यांना शिळं वाढलं. तेही हॉटेलचं, आणि हॉटेलही आपल्या चवीचं नाही, कोरियाच्या चवीचं. ते त्यांनी पुन्हा पुन्हा मागून खाल्लं. माझी शाळा तिसरीपर्यंतची, लिहिताना ओळ खाली उतरते. पण हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण तोंडी सांगितलं की लोक म्हणतात, म्हातारा वाढवून सांगतो.

आमचं घर धारूरला, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. घरात मी, मुलगा आणि सून. नात अंबाजोगाईला कॉलेजात, ती सुट्टीला येते. माझी मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. आणि सून आमची कंडक्टर आहे, धारूर-बीड गाडीवर.

ही नोकरी तिला कुणी आणून दिलेली नाही. गॅसपाशी भिंतीला पुस्तक टेकवून ती परीक्षेचा अभ्यास करायची. इकडं भाकरी फुगायची, तिकडं तिचे ओठ हलायचे. नोकरी लागली तेव्हा नवऱ्याच्या आधी तिनं मला विचारलं.

"मामा, सकाळची गाडी असली तर तुमच्या जेवणाचं कसं?"

मी म्हणलं, "मी काय तान्हा हाय का? तू जा."

हा माझा शब्द. मी दिलेला शब्द फिरवत नाही, लोक त्याला हट्ट म्हणतात.

पुढं एकदा मी मुद्दाम तिच्या गाडीत बसून तेलगावपर्यंत गेलो, काम काही नसताना. ती माझ्याजवळ आली आणि म्हणली, "मामा, कार्ड दाखवा." सगळी गाडी हसली. मी म्हाताऱ्यांच्या सवलतीचं कार्ड काढून दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं, जसं माझं तोंड कधी बघितलंच नाही. पुढं एक माणूस पिऊन बायकांच्या सीटवर बसून काहीबाही बोलत होता. तिनं आवाज चढवला नाही. दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थांबली. ती नुसती त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि तो उतरला. घरात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई ती हीच, हे मला तेव्हा पटायला जरा वेळ लागला. घरी आल्यावर मी मुलाला म्हणलं, हिला ह्या कामावरून कुणी उतरवायचं नाही.

पण एक माणूस तिला उतरवू शकत होता. तिचा बाप. त्यांचा शब्द तिनं आजवर खाली पडू दिला नव्हता. त्यांनी म्हणलं असतं, सोड, तर तिनं रडत का होईना खाकी कपडे घडी करून ठेवले असते.

आता कोरियाकडं येतो.

एका शनिवारी संध्याकाळी नात आली ती हातात पिशवी घेऊन. अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला नवीन हॉटेल निघालंय म्हणे, भिंतीवर कोरियाच्या पोरापोरींचे फोटो लावलेले. ही पोरगी मोबाइलवर त्यांच्याच सिरियली बघते, त्यांच्या भाषेत आपल्याला हाकाही मारते. तिनं डबे उघडले. एकात चिकट भात. एकात कोबी, लाल तिखटात मुरवलेला, त्याचा वास घरभर. आणि मोठ्या डब्यात बोटाएवढे पांढरे लांबट गोळे, लालभडक दाट रश्शात.

"तोकबोक्की," नात म्हणली.

मी डब्यात वाकून बघितलं. "हे शेंगोळे हायत."

"आबा, तांदळाचे असतात हे."

"मग तांदळाचे शेंगोळे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याचं पीठ मळायचं, त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडून शिजवायच्या. थंडीत, पावसात, तोंडाला चव नसली की आमच्याकडं हेच करतात. हुलगा काळपट असतो म्हणून आपले शेंगोळे काळपट, त्यांचे पांढरे, एवढाच काय तो फरक.

मुलानं एक तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणला, "टायर हाय का काय? आन गोड कावून लागतंय?" आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन भाकरी खायला बसला. सुनेनं लेकीचं मन राखायला थोडे खाल्ले. नात मला आग्रह करत होती, आबा, एक तरी. मी म्हणलं, "शेंगोळ्यात साखर घालणाराच्या हातचं मी खात न्हाई." आणि हात लावला नाही.

एवढालं पोरीला एकटीला संपतं थोडंच? उरलेलं फ्रिजात गेलं. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. सून म्हणली, पोरीनं हौसेनं आणलंय, लगेच टाकवत न्हाई, उद्या म्हशीला घालू.

म्हशीच्या नशिबात ते नव्हतं.

सोमवारी सून माझ्यापुरत्या भाकरी आणि वांग्याचं भरीत करून पहाटेच्या गाडीवर गेली. मुलगा डबा घेऊन गॅरेजला गेला. मी जरा लवकरच जेवलो आणि भरीत चांगलं झालं होतं म्हणून पातेलं पुसून खाल्लं. हात धुवून ओसरीवर येतो तर फाटकात व्याही.

व्याही माझे कडा गावचे, सुनेचे वडील. साखर कारखान्यातून रिटायर झालेले. कपडे पांढरे, मिशा अजून काळ्या, म्हणजे करतात. आमच्या दोघांचं लग्न झाल्यापासून चालूच असतं, म्हणजे पोरांचं लग्न झाल्यापासून. ते म्हणणार, धारूरला डोंगर हाय, तुमची डाळ शिजत न्हाई. मी म्हणणार, कड्याला सगळा ऊसच, तुमची आमटीबी गोड. पण त्या दिवशी ते उंबऱ्यावर हसले नाहीत.

"राम राम, व्याही."

"राम राम. या, या. फोन तरी करायचा."

"फोन केला असता तर तुमी पुरण घातलं असतं. मला न सांगता यायचं होतं." चप्पल काढली, इकडं तिकडं बघितलं. "लेक कुठाय?"

"गाडीवर. दुपारी घरी येती, मग पुन्हा एक फेरी."

"आन जावई?"

"गॅरेजला."

"म्हंजी घरात तुमी एकटेच."

"एकटा कावून? म्हैस हाय."

त्यांनी तांब्याभर पाणी पिलं, मिशा पुसल्या आणि बाजेवर नीट बसले. मी ओळखलं, काहीतरी काढणार.

"व्याही, तुमाला स्टँडवर भजी खाताना बघितलंय आमच्या गावच्या माणसानं."

"बघितलं असंल. मी खातो."

"कागदात घेऊन. उभ्यानं."

"बसून खायची सोय न्हाई तिथं."

"थट्टा नका करू. त्यानं गावात येऊन काय सांगावं? म्हणला, तुमची लेक गाडीत घंटी वाजवीत हिंडती आन म्हातारा सासरा स्टँडवर भज्यावर दिवस काढतो. मला पारावर बसू देईनात."

"त्यांना सांगा, भजी चांगली असतेत."

"मी आज सरळ बोलाय आलोय." त्यांनी आवाज खाली घेतला, आणि मला तो जास्त लागला. "लेक आली की सांगणार हाय, नौकरी बास. तिचं घर आधी. तुमी माझ्यापेक्षा थोरले, तुमची आबाळ माझ्या लेकीच्या हातून झालेली मला चालायची न्हाई."

"माझी आबाळ न्हाई."

"न्हाई म्हणता? ह्या वक्ताला आमच्या घरात ताटं वाढून तयार असतेत. मी पहिल्या गाडीनं निघालो, बीडला नुसता चहा घेतला. पोटात कावळे वरडायलेत. आता सांगा, ह्या घरात मला कोण वाढणार?"

मी म्हणलं, "बसा. अर्ध्या घंट्यात ताट येतंय."

"कुठून?"

"आतून."

आत गेलो आणि भाकरीचं टोपलं उघडलं. फडकं होतं. भरिताचं पातेलं मी स्वतःच घासल्यासारखं केलेलं. वरण लावावं तर कुकरची शिट्टी बाहेर सगळी हकीकत सांगणार, की आत्ता कुठं चालू केलं. भाकरी मला येते, पण आता हात थरथरतो, तव्यावर जाईपर्यंत तिचे तुकडे होतात. मागच्या दारानं जाऊन हॉटेलातून आणता आलं असतं. पण मग भज्याची साक्ष खरी झाली असती, आणि ती मीच दिल्यासारखं झालं असतं. हुलग्याचं पीठ डब्यात होतं, शेंगोळे मला चांगले येतात. आईची नजर गेली तेव्हा ती बाजेवर बसून नुसत्या वासावर सांगायची, आता लसूण झाला, आता पाणी घाल, आणि मी करायचो. पण एकेक शेंगोळा वळायचा म्हणजे सून परत आली असती तरी मी वळतच बसलो असतो.

मग फ्रिज उघडला.

वळलेले शेंगोळे समोरच होते.

एक मिनिट मी फ्रिजचं दार धरून तसाच उभा राहिलो. व्याह्याला शिळं. माझ्या हातानं. आई असती तर तिनं बाजेवरून काठी फेकून मारली असती. पण बाहेर माणूस बसलाय तो सुनेची गाडी थांबवायला, आणि मी तिला शब्द दिलाय. मी डबा काढला.

ते गोळे फ्रिजात राहून खडूसारखे झाले होते. एक ताटलीवर टाकला तर टक् असा वाजला. रस्सा गोठून त्यांना चिकटलेला. बोटाला लावून चाटला, माझा नेम तिथंच मोडला. आधी गोड, मागून तिखट, आणि त्याच्याही मागं काहीतरी मुरलेलं, आंबूस. वाईट नव्हतं. पण गोड. कड्याच्या माणसाला मी गोड रस्सा वाढला असता तर माझी आजवरची सगळी टोमण्यांची कमाई पाण्यात गेली असती.

गोळ्यांवर गरम पाणी ओतलं, हलवलं आणि तो रस्सा धुवून वाटीत धरला. टाकला नाही. खलबत्त्यात लसणाचा अख्खा गड्डा, जिरं आणि लाल मिरच्या कुटल्या. तेल तापवलं. लसूण तांबूस झाला, तेव्हा तो कोबी चिरून त्यात सोडला.

हे करायला नको होतं, निदान खिडकी उघडल्याबिगर. जो काही धूर आणि ठसका उठला, त्यानं माझे डोळे गेले. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "काय जळालं हो?" ओसरीवर व्याही खोकत होते.

"व्याही, काय पेटवलंत?"

"फोडणी हाय."

"कशाची? मिरचीच्या पोत्याची?"

"कड्याला फोडणीचा वास माहीत न्हाई का तुमाला?"

पण ठसका बसला आणि मग जो वास सुटला तो वेगळाच. आंबट, खमंग, मुरलेल्या लोणच्याला कढत तेल भेटल्यासारखा. मला कळलं, ह्या कोबीनं माझं चिंचेचं काम केलंय. आता दाटपणा पाहिजे. फळीवर स्टीलचा डबा होता, येसराचा. भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र दळून येसर करतात, रश्शाला लावला की रस्सा अंगासरशी येतो. हा येसर दर वर्षी कड्याहून येतो, विहीणबाईंच्या हातचा. मी डबा हातात घेऊन थोडा थबकलो. व्याह्यांचाच येसर व्याह्यांना. मग म्हणलं, पावण्याला आपल्या घरची चव लागली तर बिघडलं कुठं? चांगला मूठभर घातला, वर थोडं हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून सोडलं, मीठ घातलं. वाटीतला त्यांचा लाल रस्सा चमचाभरच परत टाकला, म्हणजे तोही अगदी परका पडायला नको. खळखळा उकळी आली तेव्हा गोळे सोडले.

ते तळाला जाऊन बसले.

तोवर भाताचं बघितलं. तो चिकट भात आता ढेकूळ झाला होता. त्यात ज्वारीचं पीठ, तिखट, मीठ, कोथिंबीर घालून मळला. ओल्या फडक्यावर धपाटी थापली. धपाट्याचं बरं असतं, ते वाकडं असलं तरी त्याला कुणी नाव ठेवत नाही, थरथरत्या हाताचं थापलं तरी तव्यावर टिकतं. तेल सोडलं, कडा कुरकुरीत झाल्या.

झाकण काढून बघितलं. गोळे तळालाच. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं. तळालाच. बाहेर बाज करकरली, व्याही उठून फेऱ्या मारायला लागले. शेंगोळा कच्चा असला तर खाली राहतो, शिजला की वर येतो, एवढीच मला खूण माहीत. हे वर आलेच नाहीत तर? खडू वाढू काय पावण्याला? मी गॅस मोठा केला आणि पातेल्यावर डोळे लावून उभा राहिलो. एक हलला. कड धरून वर आला. त्याच्या मागं दुसरा. मग सगळे एकामागं एक वर, गुबगुबीत, रश्शात न्हालेले. एक काढून दाबला, मऊ. चावला, आतपर्यंत मसाला. एवढ्या लांबच्या मुलखातले, पण चालरीत आपलीच निघाली. मला वाटलं, ओरडून आईला सांगावं. ती नाही म्हणून मी एकटाच पातेल्यापुढं हसलो.

वर शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर. कांदा बुक्कीनं फोडला. ताट नेलं.

व्याह्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे काय?"

"शेंगोळे."

"पांढरे?"

"गोरे हायत. खाऊन बघा."

त्यांनी एक उचलला, फिरवून बघितला, तोंडात टाकला. चावत राहिले. मी पाण्याचा तांब्या सरकवायचं निमित्त करून तिथंच उभा.

"चिवट हायत."

"दात असले की चावतेत."

त्यांनी रश्शात धपाटं बुडवलं. खाल्लं. मग वाटी तोंडाला लावली. कपाळावर घाम आला, तो पुसला नाही. दुसरा शेंगोळा, तिसरा. बोलणं बंद. माणूस जेवताना बोलायचा थांबला की स्वयंपाक करणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. वाटी रिकामी झाली आणि त्यांनी ती पुढं केली. मी भरली. ती संपता संपता म्हणले, "येसर कुणाचा?"

"तुमच्याच घरचा."

"म्हणून." मिशीला ताव दिल्यासारखं केलं. "म्हणून चव हाय."

"म्हणून न्हाई. येसर तर तुमच्या घरात पोत्यानं हाय. असे शेंगोळे कवा खाल्ले का तिथं?"

त्यांनी खरं उत्तर दिलं. वाटी पुन्हा पुढं केली.

ती मी भरली, आणि तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी सहज. "लेकीनं सकाळी करून ठिवले होते?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. लेक कामावर जायच्या आधी असं जेवण करून जाते म्हणल्यावर कुठला बाप नोकरी सोड म्हणेल? नाही म्हणलं, तर म्हाताऱ्याला स्वतः चुलीपुढं उभं राहावं लागतं हे मीच कबूल केल्यासारखं. एवढं सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण माझ्या हातच्या शेंगोळ्यांना दुसऱ्याचं नाव? आणि आज हो म्हणलं की उद्या, परवा, जन्मभर त्या पोरीनं दोन माणसांचं काम करून दाखवत बसायचं, तुमच्या पारासाठी?

"मी केलेत," मी म्हणलं.

घास हातात थांबला.

"तुमी?"

"मी. आत्ता. तुमी बाहेर खोकत होतात तवा."

"म्हंजी मी म्हणलो तेच खरं. थोरल्या माणसाला चुलीपुढं बसाय लागतंय."

"बसाय लागत न्हाई, बसतो. येतं म्हणून करतो. तुमच्या घरात ताट वाढून तयार असतंय म्हणता. विहीणबाई बहिणीकडं गेल्या तर तुमी काय खाता?"

व्याह्यांनी कांद्याची पाकळी उचलली, परत ठेवली.

"सांगा की."

"बिस्कुट," ते म्हणले.

"कशासंगं?"

"चहासंगं."

"आन माझी आबाळ बघाय आलात."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हाललं. हसू होतं, पण त्यांनी ते गिळलं. इथं मी थांबायला पाहिजे होतं. कुणीही थांबलं असतं. पण अर्धी जिंकलेली बाजी मला झोपू देत नाही.

"आजून एक सांगतो. हे शिळं हाय."

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"शिळं?"

"परवाचं. अंबाजोगाईच्या हॉटेलातलं, कोरियाचं. नातीनं आणलेलं उरलं होतं. शेंगोळे बी त्यातलेच, धपाट्यातला भात बी त्यातलाच."

"व्याह्याला शिळं वाढलं तुमी?"

"वाढलं. आज म्हशीला जाणार होतं. ते खडूसारखं झालेलं घेतलं, त्याचा गोडवा धुतला, आन तुमच्या ताटापर्यंत आणलं. तुमी वाटी दोनदा पुढं केली. आता तुमीच सांगा, हे घर उपाशी दिसतंय का तुमाला?"

मी बोललो खरा, पण माझी नजर लगेच त्यांच्या चपलांकडं गेली. ते उठले असते, चपला घातल्या असत्या, तर पुन्हा ह्या घराची पायरी चढले नसते. आणि जाताना लेकीला काय सांगून गेले असते ते मला माहीत होतं. ते वाटीकडं बघत राहिले. तिच्यात दोन शेंगोळे राहिले होते. मागं म्हैस दावं ओढत होती.

मग त्यांनी ते दोन्ही खाल्ले. वाटी उचलली, रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पिला आणि वाटी ताटात उपडी घातली.

"ते आंबट काय होतं?"

"त्यांच्या कोबीचं लोणचं."

"ते आपल्याकडं होईल का?"

"कोबी हाय, तिखट हाय. न व्हायला काय झालं?"

"आन एक करा." त्यांनी दाराकडं बघून आवाज बारीक केला. "आमच्या घरी सांगू नका शिळं होतं ते. बाई येसर द्यायची बंद करील."

तेवढ्यात फाटक वाजलं. सून आली. खाकी ड्रेस, गळ्यात पैशाची बॅग, हातात तिकिटाचं मशीन, चेहरा उन्हानं लाल. बापाला ओसरीवर बघितलं आणि ती पायरीवरच थांबली. गावच्या पारावर काय चाललंय ते तिला आधीच कळलं होतं, मला वाटतं कड्याहून कुणीतरी फोनवर सांगितलं असावं. तिनं गळ्यातली बॅग दोन्ही हातांनी धरली, कुणी ओढून घेणार असल्यासारखी.

"अण्णा? आसं अचानक कशाला आलतात?"

इतका वेळ मी बोललो होतो, आता पाळी माझी नव्हती. व्याह्यांनी हात धुतला, पंच्यानं मिशा पुसल्या, सावकाश.

"जेवाय आलतो," ते म्हणले.

तिनं ताटाकडं बघितलं. उपडी वाटी बघितली. मग माझ्या हाताकडं, त्याला अजून पीठ लागलेलं होतं. ती आत गेली, पाण्याचा आवाज आला आणि उरलेले शेंगोळे ताटलीत घेऊन ती बाहेर येऊन आमच्या दोघांच्या मधे खाली बसली. गळ्यातली बॅग काढून बाजूला ठेवली. एक खाल्ला. ओळखला. माझ्याकडं बघून डोळे मोठे केले, पण बापासमोर विचारलं नाही. दुसरा खाल्ला आणि म्हणली, "मामा, मीठ जरा जास्त झालंय."

मी तोंड उघडायच्या आत व्याही म्हणले, "मीठ बरोबर हाय. तू आधी खा नीट, गाडी सुटंल तुझी."